नवसाचे पाय

साळुबाईनं गोड्या तेलात बुडवलेला बोळा स्नेहाच्या टाचेवर घासला आणि डांबराचा काळा पापुद्रा सुटून आला. त्याच्याबरोबर थोडी कातडीही आली. स्नेहानं पलंगाची लोखंडी कड दोन्ही हातांनी आवळली, पण तोंडातून आवाज काढला नाही.

"रड की गं," साळुबाई म्हणाली. "हितं कोन बघतंय?"

"रडायला आले न्हाई मी."

घोडेगावच्या त्या दवाखान्यात साळुबाईला आया म्हणून अठरा वर्षं झाली होती. पोटुशी बायकांचे पाय तिला नवे नव्हते. पण हा पाय तिनं दोनदा पाहिला. घोटा कुठं संपला आणि पोटरी कुठं सुरू झाली, काही कळत नव्हतं. तळव्याला रुपयाएवढे दोन फोड होते, त्यातला एक फुटलेला. बोटांच्या बेचक्यात माती बसली होती आणि ती काढायला स्नेहाला वाकता येत नव्हतं. आठव्या महिन्यात कुणाला येतं?

डॉक्टरीणबाई आत आल्या. रक्तदाब बघितला, परत एकदा बघितला. मग स्नेहाच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. अंगठा गेला तरी खड्डा राहिला.

"चपला कुठायत तुझ्या?"

"घालत न्हाई."

"घालत नाहीस म्हणजे?"

"नवस हाय. बाळंत व्हईस्तवर."

"कुणी बोललाय? तू?"

"सासूनं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे नवस तिचा आणि पाय तुझे?"

दोन महिन्यांत इतकं सरळ वाक्य स्नेहाशी कुणी बोललं नव्हतं.

महाशिवरात्रीला हे झालं होतं. भीमाशंकराच्या गाभाऱ्यात ही गर्दी, घंटांचा गदारोळ, आणि त्यात द्रौपदाबाईंनी पदर पसरून मोठ्यानं सांगितलं, माझ्या सुनेला सुखरूप सोडव, बाळंत होईस्तवर तिच्या पायात वहाण घालू द्यायची न्हाई. सून तीन पावलं मागंच उभी होती. तिला कुणी विचारलं? छे! आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते असं. गाभाऱ्यातून बाहेर येऊन द्रौपदाबाईंनी स्नेहाच्या चपला पायऱ्यांवरच्या एका भिकारणीला देऊनही टाकल्या. संक्रांतीला अवसरीहून माहेरच्यांनी पाठवलेल्या, अजून पट्ट्याची करकर न गेलेल्या चपला. नवनाथ शेजारी हात जोडून उभा होता. तो एवढंच म्हणाला, "आईनं बोललंय तर पाळ. दोन-चार महिन्यांचा तर सवाल हाय."

त्या दोन-चार महिन्यांत चैत्र होता, वैशाख होता. फाल्गुनात पाय नुसते दुखायचे. चैत्रात सुजायला लागले. नळकोंडाळं, गोठा, कांद्याचं वावर, सगळं अनवाणी. सकाळी पाय जरा उतरायचा आणि दुपारी पुन्हा टम्म. बाभळीचा काटा एकदा मोडून आत राहिला तो शेजारणीनं सुईनं काढला. आणि आता सरकारनं घोडेगावात स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत नवं डांबर टाकलं होतं.

नवनाथची जीप होती. मंचर ते भीमाशंकर शिटं भरून न्यायची, वडाप. पण पेठेत जीप घालू देत नव्हते, म्हणून स्टँडला गाडी लावून दोघं दवाखान्यापर्यंत चालत आले होते. तो पुढं, ही मागं. त्याच्या पायात जाड तळाच्या कातडी चपला, चालताना चर्र वाजणाऱ्या. तिनं मागून हाक मारली होती, "अवं, थांबा की. जरा कडंनं, सावलीनं जाऊ." त्यानं मान न वळवता सांगितलं, "पटपट चाल. मंग चटका बसत नाय."

तळपायाची आग मस्तकात जाते असं नुसतं म्हणायचं म्हणून स्नेहा आजवर म्हणत आली होती. ती खरोखर कशी जाते, ते तिला त्या रस्त्यावर कळलं.

"नवरा आलाय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "बोलव त्याला आत."

नवनाथ किल्लीची साखळी बोटाभोवती फिरवत आत आला आणि दारातच उभा राहिला.

"हे बघा, पायाला सूज बहुतेकींना येते. त्याचं एवढं काही नाही. पण हिच्या हातावर आहे, तोंडावर आहे. ब्लडप्रेशर चढलंय, लघवीतही प्रोटीन दिसतंय. हे साधं नाही. गोळ्या देते. मीठ कमी. दिवसातून चार वेळा डाव्या कुशीवर पडायचं, पाय उशीवर. रानात जायचं नाही, पाणी भरायचं नाही. डोकं दुखलं, डोळ्यांपुढं अंधारलं, तर असेल तशी उचलून आणायची. नाहीतर परवा परत दाखवायची. आणि पायात आज चपला घाला तिच्या. ह्या फोडांत घाण गेली तर आणखी एक दुखणं होईल."

"व्हय, व्हय," नवनाथ म्हणाला. डॉक्टर, पोलीस आणि आई, तिघांपुढं तो एवढंच म्हणायचा.

नेमीचंदचं चपलांचं दुकान पेठेतच होतं. नेमीचंदनं स्वतः खाली बसून तिच्या पायाचं माप घेतलं. पाच नंबर आधीचा. सहा काढला, सात काढला. लांबी पुरायची, पण पट्टा अंगठ्याच्या वर सरकेना. तिनं जोर लावला तशी फुटक्या फोडातून पाणी आलं.

"नको, ताई, ओढू नका," नेमीचंद म्हणाला. "माझ्या सुनेचं असंच झालं होतं मागल्या साली. बायकांच्या चपलेत हा पाय बसायचा नाही. पुरुषी चप्पल लागेल, आठ नंबर, रुंद पट्ट्याची." मग त्यानं नवनाथच्या पायांकडे बघितलं. "ह्यांच्या मापाची. बरोब्बर बसेल."

नवनाथ हसला. "बायकूच्या पायात माझ्यासारख्या वहाणा? गावात तोंड दाखवायला जागा राहील का, शेठ?"

"बाळंतपणापुरतं तर आहे, राव."

"आईला इचारतो आधी. तिनं देवाला सबूद दिलाय."

"डॉक्टरीणबाईंनी आत्ता काय सांगितलं?" स्नेहा म्हणाली.

"घरी जाऊन बोलू. चारचौघांत नको."

चारचौघांत म्हणजे नेमीचंद, आणि भिंतीला टांगलेल्या दोनशे चपला. नवनाथ दुकानाच्या पायऱ्या उतरून चालायलाही लागला. चर्र, चर्र. स्नेहा त्याच्यामागं निघाली, तेव्हा नेमीचंदनं घाईघाईनं खोक्यातला पुठ्ठा फाडून तिच्या हातात दिला. "निदान उभं राहाल तिथं हा खाली टाका, ताई."

पुठ्ठा घेऊन ती घरापर्यंत आली. जीपमध्ये ती एक शब्दही बोलली नाही. नवनाथला वाटलं, राग उतरला.

दुपारचे चार वाजले असतील. द्रौपदाबाई ओट्यावर कांद्याची पात निवडत बसल्या होत्या. कामाला वाघीण, बोलायला कमी, नवरा भागुजी जाऊन सात वर्षं झाली तरी घरात त्यांचाच शब्द. स्नेहा अंगणात आली, पुठ्ठा खाली टाकला आणि त्यावर उभी राहिली.

"आत्या, मला चपला पाहिजेत."

द्रौपदाबाईंनी मान वर केली. "डाक्टरीन काय म्हनली?"

"चपला घाल म्हनली. आन् तुमी नवस बोलताना मला इचारलं व्हतं का? देवापुढं उभं राहून दुसऱ्याचे पाय देऊन टाकायचे, ह्ये कुठलं पुण्य? द्यायचं व्हतं तर आपलं द्यायचं. सोनं द्यायचं, शेळी द्यायची, तुमचे पाय द्यायचे. माझेच बरे सापडले! तुमी चपला घालून बाजार करा, ह्ये चपला घालून गाडी हाका, आन् मी ह्ये फोड घिऊन गोठा झाडू. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आत्या."

"स्नेहा, तोंड आवर," नवनाथ म्हणाला. "आईशी बोलतीयास तू."

"आवरते की. तुमी उघडा जरा. दोन महिनं उघडलं न्हाई."

शेजारच्या ओट्यावर कुणीतरी दळण पाखडायचं थांबलं. द्रौपदाबाई उठल्या. त्यांचं तोंड लाल होईल, पात फेकतील, माहेर काढतील, असं स्नेहाला वाटलं होतं आणि त्याला द्यायची उत्तरं तिनं डिंभ्याच्या फाट्यापासून तयार ठेवली होती. पण द्रौपदाबाई तिच्यापुढं खाली बसल्या आणि तिच्या साडीची कड वर केली. नडगीवर अंगठा दाबला. उचलला.

त्या खड्ड्याकडे बघत राहिल्या.

"असा कवापास्नं पडतुया?"

"धा-बारा दिवस."

"आन् मला बोलली न्हाईस?"

"बोलून काय व्हनार व्हतं? नवस सोडनार व्हता?"

द्रौपदाबाईंनी साडीची कड खाली सोडली. पण उठल्या नाहीत. तिच्या पायाशी बसूनच बोलल्या. "हौसाला बी असाच पडायचा."

हौसा म्हणजे नवनाथची थोरली बहीण. स्नेहाला तिचं नाव माहीत होतं. बाळंतपणाला माहेरी आली आणि गेली, एवढंच. कसं, ते लग्नानंतरच्या दोन वर्षांत या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. तिनं एकदा विचारलंही होतं, तेव्हा नवनाथ म्हणाला होता, "झालं ते झालं."

"आठवाच व्हता," द्रौपदाबाई म्हणाल्या. "पाय ह्ये असं. मी म्हनलं, पोटुशीच्या पायाला सूज येतीच, कुनाच्या येत न्हाई? पानी भर म्हनलं. हिंडती-फिरती राहा, सोपी सुटशील म्हनलं. एक दिस डोकं दुखतंय म्हनाली. मी मिरीचा लेप लावला. दुपारला झटकं आलं. बाजंवर घालून मंचरला न्यायला काढली, तर घोडेगावापतुर बी पुरली न्हाई." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "डाक्टरला दावलं नव्हतं मी. देवाला बी काय बोलले नव्हते. म्हनून ह्या टायमाला बोलले."

ओट्यावर निवडायची पात तशीच पडून होती. तिच्यावर एक कोंबडी चढली तरी कुणी हाकलली नाही.

"मला का न्हाई सांगितलं?" स्नेहाचा आवाज चढला. तिला दया यायला हवी होती. ती आलीही, पण राग काही तिच्यासाठी जागा करून देईना. "खड्डा पडला तर बघायचं आसतं, डोकं दुखलं तर बघायचं आसतं, ह्ये ठाऊक आसतं तर मी धा दिस गप बसले आसते व्हय? चपला काढून घेतल्या, आन् सांगायचं ते पोटात ठिवलं?"

"पोटुशीला मेलेलीची गोष्ट सांगत्यात व्हय गं?"

"मग मेलीच आसती की मी बी. गपगुमान. नवस पाळून!"

द्रौपदाबाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. स्नेहा त्यांना सोडून नवऱ्याकडे वळली.

"आन् तुमाला ठाऊक व्हतं. तुमी तवा घरात व्हता."

नवनाथ किल्लीकडे बघत होता. "मी पंधरा-सोळाचा व्हतो."

"पाय बघितले व्हते ना बहिनीचे? माझे बी बघत व्हता रोज."

"आईनं नवस बोलला म्हनल्यावर मला वाटलं, आता काय काळजी न्हाई."

हे तो खरं बोलत होता, आणि म्हणूनच स्नेहाला ते सोसवेना. ती पुठ्ठ्यावरून उतरली, तापलेल्या अंगणातून तशीच घरात गेली, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तशी डाव्या कुशीवर पडली. पायाखाली घ्यायला उशी नव्हती. तिनं नवनाथचा हिवाळी स्वेटर फळीवरून ओढून त्याची गुंडाळी केली.

पडल्या-पडल्या तिची नजर आढ्याकडे गेली. वाशाला एक खुंटी होती आणि खुंटीला द्रौपदाबाईंच्या चपला अडकवलेल्या होत्या. लाल पट्ट्याच्या, बाजाराच्या, लग्नकार्याच्या. चपलांवर बोटभर धूळ होती आणि दोन चपलांच्या मधे कोळ्यानं जाळं विणलं होतं, जुनं, माश्यांनी भरलेलं. स्नेहानं मान उचलून पुन्हा बघितलं. मागल्या बाजाराला आत्या कशा गेल्या होत्या? त्याच्या मागल्या? पाडव्याला वर देवळात? तिनं पुष्कळ आठवलं, पण तिला सासूचे पाय काही आठवेनात. बघितलेच नव्हते कधी.

स्नेहा उठून उंबऱ्याशी आली, तर द्रौपदाबाई पात टाकून उभ्या होत्या. स्नेहानं खाली बघितलं. टाचा फुटून काळ्या पडल्या होत्या आणि उजव्या तळव्याच्या कडेला तसलाच डांबराचा पापुद्रा होता.

"आत्या, तुमी बी?"

"माझ्या घट्ट्यांना काय व्हतंय?" द्रौपदाबाई तुटकपणे म्हणाल्या. "तू एकलीनं पाळावा, आसं मी म्हनले नव्हते."

"बोलायचं तरी!"

"बोलून दावायचा आसतो व्हय नवस?"

नवनाथ ओट्यावरून उतरला. जीपकडे जायला त्यानं पायरीशी काढलेल्या चपलांत पाय सरकवले, तेवढ्यात आईनं हाक मारली.

"नवनाथ. काढ त्या."

"क्काय?"

"वहाणा काढ."

"आये, पाच वाजता मंचरची शिटं घ्यायचीत मला."

"घे की. बिनवहाणांचा घे." द्रौपदाबाई वाकल्या, त्याच्या पायातल्या चपला आपल्या हातांनी ओढून काढल्या आणि उंबऱ्याशी आणून स्नेहाच्या पुढ्यात ठेवल्या, तोंडं तिच्याकडे करून. "घाल गं."

"आई, आगं डोकं फिरलं का तुजं? बाईमानूस नवऱ्याच्या वहाणंत पाय घालनार? आन् मी काय गाडी अनवाणी हाकू? लोक काय म्हनतील?"

"लोकांनी हौसाला खांदा दिला व्हता. तेवढं करत्यात लोक." द्रौपदाबाईंचा आवाज चढला नव्हता, आणि नवनाथला तो आवाज ओळखीचा होता. "घरात पाय सहा. देवाला चार दिलं, तरी सूज चढली. राहिलं दोन. त्ये तुझं. पोर तुझं हाय ना? मग चाल. पोर व्हईस्तवर चाल."

"आन् देवाला काय सांगायचं?"

"त्याला मी सांगते. त्याला कळतंय. तुला कळंना झालंय."

स्नेहानं पाय चपलेत घातला. अंगठा पट्ट्याखालून सहज गेला, सुजलेली बोटं मागोमाग बसली. तळाचं कातडं नवऱ्याच्या पायाच्या उबेनं अजून गरम होतं. मऊ होतं. इतकं मऊ, की दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं रागारागानं मनगटानं पुसलं.

तिसऱ्या दिवशी तिघं दवाखान्यात निघाले. द्रौपदाबाई म्हणाल्या, मी येते, मला कानांनी ऐकायचंय डाक्टरीन काय म्हनती. त्यांच्या पायात त्यांच्या लाल पट्ट्याच्या चपला होत्या. त्या सकाळी स्नेहानंच खुंटीवरून काढून, झटकून, त्यांच्यापुढं ठेवल्या होत्या. आढेवेढे पुष्कळ झाले. "नवस मोडतो गं," त्या म्हणाल्या. "त्यो आता दुसऱ्याच्या पायावर हाय," स्नेहा म्हणाली. शेवटी घातल्या.

स्टँडला जीप लावली तेव्हा बारा वाजून गेले होते. वडापच्या रांगेतले ड्रायव्हर नवनाथच्या पायांकडे बघून काहीबाही बोलले आणि सगळे हसले. एकानं स्नेहाच्या पायांकडेही बोट दाखवलं. तिनं त्याच्याकडे अशी काही नजर टाकली, की त्यानं ते बोट खाली घेतलं.

पेठेच्या रस्त्यावर डांबर चकाकत होतं. स्नेहा पुढं निघाली. आठ नंबरच्या चपला चर्र, चर्र. तिच्या बरोबरीनं द्रौपदाबाई. नवनाथनं डांबरावर पहिलं पाऊल टाकलं आणि उचललं. दुसरं टाकलं, तेही उचललं. मग तो टाचांवर, मग चवड्यांवर, मग नुसताच उड्या मारत मागून येऊ लागला. नेमीचंद दुकानाच्या पायरीवर येऊन बघत राहिला.

"स्नेहा! आगं थांब की!" नवनाथ ओरडला. "जरा कडंनं, सावलीनं जाऊ!"

द्रौपदाबाई थांबल्या. स्नेहा थांबली नाही. तिनं मानही वळवली नाही.

"पटपट चाला," ती म्हणाली. "मंग चटका बसत नाय."